जयगडच्या तांडेलकाकांना वैनगंगेकाठून आभारपत्र

आदरणीय तांडेलकाका,

सविनय नमस्कार.

आमच्याकडे धानाची कापणी आटोपली असून चुरणे, म्हणजे मळणी, सुरू आहे. पोती घरात आली की आम्ही दोघे नेहमीप्रमाणे कोकणात बोटीवर यायला निघू. त्याआधी हे पत्र लिहून सर्वांसमोर ठेवावे असे आम्ही ठरवले, कारण समोर बसून आभाराचा शब्द काढला की तुम्ही "असू द्या, असू द्या" म्हणत विषय बदलता आणि काकू चहा ठेवायला उठतात. तुमचा नातू हे वाचून दाखवील, तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घ्यावे ही विनंती.

ज्यांना आमची हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही जयगडच्या खाडीतले मच्छीमार, बोटीचे तांडेल म्हणजे प्रमुख, आणि आम्ही धान पिकवणारे शेतकरी. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. समुद्र आमच्यापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पाण्याशी ओळख म्हणावी तर मामा (माजी मालगुजारी) तलाव, गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरबांधवांचे डोंगे, एवढीच. मुलांची शिक्षणे पूर्ण झाल्यावर माझ्या यजमानांनी मनात फार वर्षे जपलेली इच्छा बोलून दाखवली, आम्ही दोघांनी रीतसर प्रशिक्षण घेतले आणि एक जुनी २४ फुटी शिडाची बोट विकत घेतली. आम्ही फक्त खरिपाचे धान घेतो, उन्हाळी धान घेत नाही. त्यामुळे मार्गशीर्षापासून होळीपर्यंत हात मोकळे असतात आणि कोकण किनाऱ्यावर शिडाने फिरण्याचा उत्तम काळ नेमका तोच असतो. आमच्या बांध्यांत रोवणी, म्हणजे भातलावणी, चालते तेव्हा तिकडे समुद्र खवळलेला असतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. म्हणून शेती सोडून बोट धरावी किंवा बोटीसाठी शेती विकावी असा प्रश्न आमच्यापुढे कधी आलाच नाही.

आपली भेट झाली ती संध्याकाळ तुम्हालाही आठवत असेल. दाभोळहून जयगडला येताना तुटून वाहत आलेल्या जाळ्याचा तुकडा आमच्या इंजिनाच्या पंख्याला गुंडाळला गेला, दुपारचा वारा पडला आणि ओहोटी लागल्याने खाडीचे पाणी आम्हाला बाहेर लोटू लागले. तुमची बोट त्याच वेळी जाळी टाकायला निघाली होती. तुम्ही ती वळवलीत, दोर फेकलात, आम्हाला ओढत खाडीत आणून सुरक्षित जागी उभे केलेत आणि मगच धंद्याला गेलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या खलाशाने बुडी मारून ते जाळे कापून काढले. डिझेलचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. या उपकाराबद्दल आभार आहेतच, परंतु ज्या ऋणासाठी मी हे पत्र लिहीत आहे ते त्यानंतरच्या दिवसांचे आहे.

आम्ही प्रशिक्षण घेतलेले, भरती-ओहोटीची छापील कोष्टके जवळ बाळगणारे लोक होतो, तरी तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "आज तिथी कोणती?" मी सांगितली, कारण चतुर्थी, एकादशी, पोळ्याची अमावास्या हे सारे आमच्या घरी भिंतीवरच्या पंचांगावरून चालते. त्यावर तुम्ही म्हणालात, की मग भरतीची वेळ तुम्हाला येतेच, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा, दक्षिणेकडे भरती त्याच्या आधी येते, म्हणून जयगडला त्यातून किती वजा करायचे तेही तुम्ही खाडीकडे बोट दाखवून समजावलेत. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागोमाग पुढे सरकते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती, असतो, हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु जन्मभर ज्या तिथ्यांवर उपास धरले त्याच तिथ्यांवर बोट खाडीत कधी न्यायची हे ठरते, असे कुणी सांगेपर्यंत ते ज्ञान माझे झाले नव्हते. आजही कोष्टक पाहण्याआधी मी मनात पाऊणपट करते आणि मग ताडून घेते.

दुसरा धडा नांगराचा. तुम्ही आमच्या बोटीवर आलात आणि यजमानांना नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसवून नांगराचा ताणलेला दोर मुठीत धरायला लावलात. नांगर वाळूत नीट रुतलेला असेल तर दोर मुठीत स्थिर लागतो, तो फरफटत असेल तर तळाची खरखर दोरातून हाताला येते. तुम्ही नांगर मुद्दाम थोडा सैल करून ती खरखर त्यांच्या हाताला दाखवलीत, मग नांगर पुन्हा रुतवून दाखवलात. ओहोटीला नांगर टाकला तरी दोर भरतीच्या खोलीवर मोजायचा, खोलीच्या पाचपट तरी सोडायचा आणि पाणी फिरले की बोट उलट तोंड करील तेव्हा मागे खडक येतो का ते आधी पाहायचे, हे सारे तुम्ही त्याच बैठकीत सांगितलेत. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाण्याचा चढउतार चार मीटरांहून अधिक असतो आणि मालवणकडे तो जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे जागा बदलली की हिशेबही बदलावा लागतो. रात्री अंगावर पांघरूण ओढण्यापूर्वी यजमान आजही नाळेवर जाऊन दोराला हात लावून येतात. त्यानंतर आम्हा दोघांनाही शांत झोप लागते.

वाऱ्याबद्दल तुम्ही जे दिलेत त्याचे मोल मला शब्दांत मांडता येत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, नऊ-दहाच्या सुमारास तो मरतो, मधे समुद्र तेलासारखा पडून राहतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो, म्हणून कुणालाही जमते. परतीला उत्तरेकडे येताना खरी परीक्षा असते, कारण दुपारचा वारा समोरून येतो. अंधारातच नांगर उचलायचा, मतलईवर किनाऱ्याजवळून जमेल तेवढी उत्तर कमवायची आणि वारा बिघडण्याआधी पुढची खाडी गाठायची, ही तुमची रीत. ती शिकवताना तुम्ही सुकाणूचा दांडा माझ्या हाती दिलात. तुमच्याकडे बायका बंदरावर मासळीचा सारा व्यवहार सांभाळतात, बोटीवर मात्र जात नाहीत, हे मला माहीत होते. म्हणून मी यजमानांकडे पाहिले, तर तुम्ही म्हणालात, "दोघेच असता ना बोटीवर? मग दोघांनाही आले पाहिजे. एकाला ताप आला तर दुसऱ्याने घरी आणायचे." यात कौतुक नव्हते की सूट नव्हती, निव्वळ कामाची गोष्ट होती, आणि म्हणूनच ती माझ्या मनात इतकी खोल गेली. तेव्हापासून सुकाणू माझ्याकडे आणि शीड-नांगर यजमानांकडे अशी वाटणी असली, तरी आठवड्यातून एक दिवस आम्ही ती उलट करतो.

काकूंचे ऋण वेगळे. शिडाच्या बोटीवरचे घर म्हणजे जिथे ताठ उभे राहता येत नाही अशी खोली, दोन अरुंद बाकडी, एक स्टोव्ह आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन. अंघोळ, भांडी, कपडे सारे समुद्राच्या पाण्यावर उरकू असे आम्ही समजत होतो. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा हवेतली ओल ओढून घेतो आणि कधी पुरता वाळत नाही, हे काकूंनी माझी दमट साडी चाचपून ओळखले आणि शेवटचे एक पाणी गोडे काढण्यासाठी आपली विहीर मोकळी करून दिली. पाण्याच्या बाबतीत कोकणातल्या घरांना एप्रिल-मेमध्ये किती जपावे लागते हे ऐकल्यावर त्या बादल्यांची किंमत मला अधिक कळली.

तुम्ही एकदा ओखी वादळाची आठवण सांगितली होती. २०१७ च्या डिसेंबरात केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमार बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण बंदरात शिरलेल्याला आधी जागा आणि जेवण द्यायचे, गाव नंतर विचारायचे, असे तुम्ही म्हणालात. आम्हाला त्याच रीतीने आत घेतले गेले होते. ते तेव्हा लक्षात आले. त्याची परतफेड म्हणून आम्ही एक नियम काटेकोर पाळतो. जाळी टाकलेली बोट दिसली की तिच्यापासून आम्ही लांबून वळसा घेतो, आणि डोलीचे, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे, बोये दिसले की रात्री पुढे न जाता नांगर टाकतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही शिडाच्या बोटीने मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट द्यावी असेच आहे. हौसेने समुद्रावर येणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते, कारण फाटलेले एक जाळे म्हणजे एका घराचा मोसम असतो.

काका, गेल्या मोसमात आम्ही जयगडहून विजयदुर्ग आणि तेथून मालवणपर्यंत दोघेच गेलो आणि मतलईच्या भरवशावर परतही आलो. पावसाळ्यात बोट खाडीकाठी शाकारून ठेवलेली असते तेव्हा तिच्यावर तुमची नजर असते, एवढ्या एका गोष्टीमुळे आम्ही इकडे रोवणीत निश्चिंत असतो. यंदा चिन्नोर तांदूळ चांगला पिकला आहे. काकूंसाठी एक पोते बाजूला काढून ठेवले आहे. मागच्या वेळी त्यांनी दिलेले सोडे संपले, हेही त्यांना सांगावे.

आता एक आग्रहाची विनंती. पुढच्या पावसाळ्यात बंदीच्या काळात तुमची बोट वर असेल, तेव्हा तुम्ही दोघे आमच्याकडे यावे. मुंबईहून रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी भंडारा रोड येते, आम्ही स्टेशनवर गाडी घेऊन उभे राहू. जुलैच्या मध्यानंतर आलात तर रोवणी ऐन रंगात असेल, आणि तलावावर डोंगा चालवणारे आमचे शेजारी तुम्हाला भेटायला फार उत्सुक आहेत. तिकिटांची तारीख नातवाकडून कळवावी.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली नम्र,
वैनगंगेकाठची तुमची वहिनी आणि तिचे यजमान