दोन हजारांचा हप्ता म्हणजे कोरोना मदत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाकाळात शेतकऱ्यांना मिळालेल्या सरकारी मदतीचा हिशेब मांडणारा लेख कालच्या अंकात वाचला. एप्रिल २०२० मध्ये खात्यावर आलेले पीएम किसानचे (शेतकऱ्याला वर्षाला ६००० रुपये हप्त्यांनी देणारी केंद्राची योजना) २००० रुपये लेखकाने बेधडक मदतीत धरले आहेत. ते मदतीचे पैसे नव्हतेच. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्र्यांनी गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले, त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे देऊ असे सांगितले. पण तो एप्रिल ते जुलैचा ठरलेलाच हप्ता होता. वर्षाचे ६००० होते, ते ६०००च राहिले. पगार पंधरा दिवस आधी झाला म्हणून त्याला कोणी बोनस म्हणत नाही.

शिवाय त्या २००० रुपयांत काय येत होते? त्या खरिपात बीटी कपाशीचे ४५० ग्रॅमचे पाकीट ७३० रुपयांना होते. एकरी दोन पाकिटे घेतली की १४६० गेले. उरलेल्या ५४० रुपयांत डीएपी खताचे अर्धे पोतेसुद्धा येत नव्हते, सरकी लावायची मजुरी तर लांबच राहिली.

हे झाले ज्यांना मिळाले त्यांचे. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नाही, याचा राग आहे. ही योजना गाव नमुना सातवर, म्हणजे सातबाऱ्यावर, भोगवटादार (जमीनधारक) म्हणून कोणाचे नाव आहे तेवढेच बघते. ठोक्याने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याचे रान करणाऱ्याचा बियाण्यापासून फवारणीपर्यंत सगळा खर्च स्वतःचा, हप्ता मात्र मालकाच्या खात्यात.

नवरा वारलेल्या बाईचे हाल तर विचारू नका. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली असेल तर लाभ नाही, फक्त वारसाने आलेल्या जमिनीला सूट. ती सूट मिळायला आधी वारस नोंद हवी. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज, सहा-कच्या वारस रजिस्टरला नोंद, मग फेरफार (सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद), नोटिसा, हरकतीसाठी १५ दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. मध्येच एखाद्या दिराने हरकत घेतली की प्रकरण तक्रारीत जाते आणि सुनावणीची तारीख पडते. लॉकडाऊनमध्ये सुनावण्याच ठप्प होत्या. त्यातूनही नाव लागले, तर नव्याने नोंदणी करायची: सातबारा, आठ-अ (खातेउतारा), आधार, पासबुक. तिथे आधारवर माहेरचे नाव आणि सातबाऱ्यावर सासरचे, म्हणून अर्ज अडकतो. १ डिसेंबर २०१९ पासून आधारशी नाव जुळल्याशिवाय हप्ता सुटत नाही, आणि नाव दुरुस्त करून देणारी आधार केंद्रे त्या काळात बहुतेक ठिकाणी बंद होती. पेरणी त्या बाईनेच केली. दुकानदाराची उधारीही तिच्याच नावावर चढली.

आणखी एक. नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च २०२० च्या राज्य अर्थसंकल्पात झाली. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांपैकी कोणत्याही दोन वर्षांचे कर्ज मुदतीत फेडलेले असावे, अशी अट होती. प्रत्यक्ष पैसे यायला २०२२ ची दिवाळी आली. कोरोनाच्या दोन्ही खरिपांत त्यातला एक रुपयाही हाती नव्हता, तरी तीही रक्कम लेखकाने कोरोनाकाळातच दाखवली आहे!

तेव्हा या दोन्ही आकड्यांची दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि आपल्या तालुका वार्ताहरांना एक काम सांगावे: वारस नोंद नाही किंवा आधारचे नाव जुळत नाही म्हणून पीएम किसानचे किती अर्ज आजही पडून आहेत, तो आकडा प्रत्येक तहसीलमधून मागवून तालुकावार प्रसिद्ध करावा.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. बीड