मनू, खांद्याचं मटण वेगळ्या पातेल्यात शिजव

कोल्हापूर, 18 डिसेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. तुझी आई म्हणाली, "आता पुन्हा तेच उगाळू नका, पोरीचा सण आहे." म्हणून आज ठरवून बसलोय. त्या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही, फक्त नाताळच्या जेवणाबद्दल लिहायचं.

तू पाठवलेला फोटो काल रात्री परत पाहिला. लाकडी पाटावर हरणाची पाठ, शेजारी खांदा, आणि मागे तुझ्या सासऱ्यांचा हिरवा कोट खुंटीला. पाठीवरचा चंदेरी पापुद्रा तू इतका स्वच्छ काढलायस की मला वाटलं खाटकाकडून करून आणलाय. सुरीचं पातं पापुद्र्याकडे झुकवून धरावं लागतं, नाहीतर निम्मं मांस त्याच्याबरोबर निघून येतं. नोकरीत मी जनावरांची शेकडो शवविच्छेदनं केली, पण माझा हात कधी इतका हलका नव्हता. गडहिंग्लजच्या क्वार्टरमध्ये कोंबडी कापायच्या दिवशी तू कुलकर्णीकाकूंकडे जाऊन कानात बोटं घालून बसायचीस. तीच तू आज जर्मनीत, परक्या देशात, बारा माणसांच्या जेवणासाठी अख्खं जनावर हाताळतेस. हे मी सकाळी फिरायला जाताना तिघांना सांगितलं.

तुमच्याकडचं ते 'रे' हरीण म्हणजे आपल्या भेकराएवढंच. भेकर तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय, आणि खाल्लंयही, दहा-बारा वर्षांचा असताना. तेव्हा 1972 चा वन्यजीव कायदा यायचा होता. शिमग्याला गावकीची शिकार निघायची. हाकारे डब्बे वाजवत रानातून खाली यायचे आणि आबा ठासणीची बंदूक घेऊन ओढ्याच्या तोंडाशी बसायचे. जनावर पडलं की आबा आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावत, मगच बाकीचे पुढे होत. तुझे सासरे मारलेल्या हरणाच्या तोंडात फरची डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून, असं तू सांगितलंस तेव्हा मला आबांचा तो हात आठवला. त्या माणसाशी माझी भाषा जुळत नाही, पण या एका गोष्टीवर आम्ही दोघं तासभर बसू शकू असं वाटतं.

वाटे देवळासमोर पडत. पहिला देवाचा, मग बार घातलेल्याचा, मग हाकाऱ्यांचा. रानातलं मांस आजी स्वयंपाकघरात येऊ देत नसे. परड्यात तीन दगडांची चूल मांडून आबाच शिजवायचे. रात्रभर कच्च्या पपईत मुरवलेलं, आणि शिमग्याच्या दिवसांत झुडपांना लागलेली हिरवी करवंदं पाट्यावर ठेचून शेवटी घातलेली. रानातल्या मांसाला चरबी नसते, रक्ताचा वास असतो, लोखंडासारखी चव असते. ती आंबटानेच मोडते. तुमच्याकडे करवंदाच्या जागी ती प्रायझलबेरन नावाची तांबडी आंबट फळं आणि शिजवलेलं अर्धं नाशपती, एवढाच फरक. हजारो कोस लांबची माणसं एकाच अक्कलेला पोचली, याचं मला फार कौतुक वाटतं. आबांच्या त्या रश्श्याबरोबर आजऱ्याचा घनसाळ भात असायचा. कायदा आला त्या वर्षी आबांनी बंदूक कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. नंतर कुणी चोरून वाटा आणून दिला तरी तो दारातून परत जायचा.

पण फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला, आणि खांद्याच्या सांध्याजवळ तो काळपट तांबडा डाग दिसला. गोळी तिथून गेली असणार. मनू, तेवढं कापून टाकून भागत नाही. शिशाची गोळी आत फुटली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांबसुद्धा जातात. एक्स-रेवर ते पिठासारखे उडालेले दिसतात. तुमच्याकडच्या बीएफआर या सरकारी संस्थेचाच सल्ला आहे की गरोदर बायकांनी, मूल व्हावं असं वाटणाऱ्या बायकांनी आणि सात वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचं मांस खाऊ नये. आणि आंबटात शिसं जास्त विरघळतं. म्हणजे जी फळाची आंबट चव आपण मुद्दाम घालतो तीच इथे उलटी पडते. सासऱ्यांना एवढंच विचार, गोळी शिशाची होती की तांब्याची? त्यांना राग येणार नाही. शिकारीची परीक्षा दिलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो.

लिहायचं नाही म्हणून बसलो होतो. लिहिलंच.

बरं, सुरुवात झालीच आहे तर पुरतं सांगून टाकतो, मग पुन्हा बोलणार नाही. पाठीचं मांस तुम्ही आतून गुलाबी ठेवता, 55 अंशांच्या आसपास बाहेर काढता. चवीला तेच बरोबर. पाठ पुरती शिजवली तर ती वाळून लाकूड होते, हे मीही मान्य करतो. पाहुण्यांना तशीच वाढ. पण तू त्यातला घास खाऊ नकोस. "एक घास तरी खाणार, मी केलंय म्हणून," हे तू रविवारी हसत म्हणालीस आणि तिथेच माझा आवाज चढला. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या, पोटातल्या बाळाला धोका करणाऱ्या परजीवीच्या गाठी मांसात असल्या तर त्या साधारण 67 अंशांना मरतात. 55 ला मरत नाहीत. आतून सगळीकडे 70 अंश दोन मिनिटं, हा सरळ हिशेब. अँटीबॉडीची तपासणी झाली आहे का तुझी? पूर्वी कधी लागण होऊन गेलेली निघाली तर माझी निम्मी काळजी मिटेल. तुमच्याकडे ती स्वतःच्या खर्चाने करावी लागते असं वाचलं. पैसे मी पाठवतो.

आणि रानडुक्कर नकोच. तपासलेलं असलं तरी नको. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ती बातमी वाचली आणि विसरून गेलो. तुम्ही राहता त्या बव्हेरियाच्या जंगलातल्या डुकरांत त्याचं किरणोत्सर्गी सीझियम अजून सापडतं, कारण ती जमीन उकरून हरणट्रफल नावाची कवकं खातात. किरणोत्सर्गाचं माप किलोला 600 बेकरेलच्या वर गेलं तर ते मांस विकता येत नाही. हे मला मागच्या महिन्यात कळलं, रात्री दीड वाजता, तुझं गाव नकाशावर शोधताना.

हे सगळं फार झालं. तू तीस वर्षांची आहेस, तुझे डॉक्टर तिथे आहेत, आणि तुला वाचता येतं. मी तुला धडा देत बसलो त्याबद्दल माफ कर.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात." मला वाईट वाटलं असं तुझ्या आईला वाटतंय. तसं नाही. जनावरांचाच डॉक्टर आहे मी, म्हणूनच तर हे सुटत नाही. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. 1991 चा पावसाळा, चंदगडच्या बाजूला माझी नेमणूक. एका धनगराच्या कळपात आठ दिवसांत अकरा मेंढ्या गाभडल्या. मी रोज सायकलने जात होतो. नमुने पुण्याला पाठवले होते, उत्तर यायचं होतं. त्याची सून वार काढायला मदत करायची, हाताला राख लावून, उघड्या हातांनी. मला तिच्याकडे बघायची सवड नव्हती, मी मेंढ्या बघत होतो. आठव्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून उठली तेव्हा मला कळलं की तिलाही दिवस गेलेत. त्या दिवशी सांगितलं, तू यातून बाजूला हो. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. दीड महिन्याने पुण्याहून कागद आला, टोक्सोप्लाझ्मा. मी परत वाडीवर गेलो तेव्हा तो धनगर माझ्याशी बोलला नाही. चहा दिला, पण बोलला नाही.

हे आत्ता तुला लिहायला नको होतं. खोडावं म्हटलं तर मन होत नाही. गेल्या श्रावणात तू फोनवर फक्त "बाबा, नाही राहिलं" एवढं म्हणालीस, आणि मला काहीच बोलता आलं नाही. मी तुला हवामान विचारलं. त्यात कुणाची चूक नव्हती, तुझी तर अजिबात नव्हती, आणि ते या मांसाबिंसामुळे नव्हतं. पण मला तेव्हापासून पहिल्या दिवशीच सांगून टाकायची सवय लागली आहे. ती आता जाईल असं वाटत नाही.

आता जेवणाचं. मी सुचवतो ते पटलं तर कर.

पाठ पाहुण्यांची. खांदा तुझा. पण तो दुसरा, न लागलेला, आणि गोळी तांब्याची निघाली तरच. शिशाची निघाली तर खाटकाकडून पाळलेल्या हरणाचा खांदा आण, पण तेही शिशाच्या गोळीने मारलेलं नाही ना, हे विचारून. खांद्यात चिकटपणा भरपूर असतो, त्यामुळे तो अडीच-तीन तास मंद आचेवर शिजला तरी कोरडा होत नाही, उलट हाडापासून सुटतो. तुझी आई मटणाचा खांदा करते तसाच. मोठे तुकडे कर, कोरडे पुसून घे, थोड्या-थोड्या तुकड्यांना तुपावर चांगला तांबूस रंग येऊ दे. एकदम सगळे टाकलेस तर पाणी सुटतं आणि मांस उकडतं. मग कांदा, गाजर, तुमच्या जुनिपरचे आठ-दहा दाणे ठेचून, दोन लवंगा, हाडांचं पाणी. वाइन तू पाठीच्या सॉसला घालतेस ती घाल, पण तुझ्या पातेल्यात नको. उकळली तरी सगळी जात नाही. त्याऐवजी काळ्या द्राक्षांचा रस घाल. फळ शेवटच्या दहा मिनिटांत घाल. आबा करवंदं शेवटीच घालायचे, चुलीवरून उतरवायच्या आधी. पहिल्यापासून घातलं तर त्याची टवटवी जाते, नुसता आंबटपणा उरतो. प्रायझलबेरन दोन-तीन चमचे, आणि आईने पाठवलेल्या डब्यातली दोन आमसुलं कोमट पाण्यात भिजवून. डबा पोचला का? साय घालणार असशील तर आमसूल नको, फाटेल.

दोन्हींसाठी सुऱ्या आणि पाट वेगळे ठेव. कच्च्या मांसाचा हात तोंडाला नको, मीठ बघायला सॉस चाखशील तो उकळी आल्यावरच. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

जावईबापूंना सांग, त्या दिवशी भांडी त्यांनी घासायची. तू चौथ्या महिन्यात आहेस आणि चार तास उभी राहणार. मधे बस. स्टूल ओट्याजवळ घे.

आई म्हणते, बारा माणसांत तुझ्यासाठी वेगळं पातेलं म्हणजे तिथे चर्चा होईल. होऊ दे. तुम्ही अजून सांगितलेलं नाही हे माझ्या लक्षात आहे. हवं तर सांग की हा आमच्या गावाकडचा प्रकार आहे, वडिलांनी पाठवलाय, आणि सगळ्यांना एक-एक चमचा वाढ. तुझ्या सासऱ्यांना भाताबरोबर वाढ. त्यांना सांग की आमचे आबा शिकारी होते आणि ते जनावराआधी जमिनीला हात लावायचे.

फोटो पाठव, पाठीचाही आणि पातेल्याचाही. आणि थर्मामीटरची सुई मांसाच्या जाड भागात मधोमध घाल. हाडाला टेकली तर आकडा खोटा येतो.

तुझा,
बाबा