फोटोच्या नोटिशीबद्दल वैशालीला पत्र

पुणे

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला मेल आणि सोबतची पीडीएफ नीट वाचली. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, शिवाय भावोजींना आणि साइट करून देणाऱ्या डिझायनर मुलालाही ते दाखवावं लागेल, म्हणून लिहूनच पाठवते.

तुला नोटीस पाठवणाऱ्या परदेशी कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या होमस्टेच्या साइटवर कास पठाराच्या फुलांचा जो फोटो आहे, तो आमच्या छायाचित्रकाराचा आहे, परवाना असेल तर दाखवा, नसेल तर चौदा दिवसांत ४५० युरो भरा. भावोजी म्हणतात, मेल डिलीट कर. तू म्हणतेस, पैसे भरून एकदाचं मोकळं होऊ. माझं ऐकशील तर आत्ता यातलं काहीच करू नकोस.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. फोटो कुणाचा तरी आहे आणि त्याचा त्यावर हक्क आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यानुसार फोटो काढला की त्या क्षणापासून हक्क लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही, फोटोवर नाव छापलेलं असण्याचीही गरज नाही. ‘गूगलवर मिळाला’ हा बचाव नाही. भर पावसात कासला जाऊन, चिखलात आडवं पडून कुणी तो फोटो काढला असेल, तर त्याचं मोल त्याला मिळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. पण ते योग्य माणसाला मिळावं आणि योग्य तेवढंच मिळावं.

आता हे आजच कर. फोटो काढून टाकण्याच्या आधी पुरावा जमव. ज्या पानावर फोटो आहे त्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घे; वरचा पत्ता आणि तारीख त्यात दिसू दे. मग फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघड. तुमची साइट वर्डप्रेसवर आहे, त्यामुळे पत्त्यात ‘अपलोड्स’नंतर वर्ष आणि महिना दिसेल. फोटो साइटवर केव्हा चढला ते त्यावरून कळतं, आणि पुढे घासाघीस करताना हाच तपशील उपयोगी पडतो. साइटच्या आकडेवारीतून त्या पानाला किती लोकांनी भेट दिली तेही उतरवून ठेव. डिझायनरचं बिल, त्याच्याशी झालेले मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सगळं एका फोल्डरमध्ये टाक.

त्यानंतर फोटो काढ. इथे बहुतेकांची चूक होते. पानावरून फोटो उडवला की झालं, असं वाटतं. पण मूळ फाइल मीडिया लायब्ररीत तशीच राहते, शिवाय वर्डप्रेसने तिच्या तीन-चार लहान आवृत्त्या करून ठेवलेल्या असतात. असे फोटो शोधणारं त्यांचं सॉफ्टवेअर थेट फाइलच्या पत्त्यावर जातं, आणि महिन्याभराने ‘अजूनही वापर चालू आहे’ म्हणून दुसरा मेल येतो. म्हणून मीडिया लायब्ररीत जाऊन फाइल कायमची डिलीट कर, कॅश प्लगइन (ते पानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवतं) रिकामं कर, क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल तर तिथलाही कॅश साफ कर. मग इन्कॉग्निटो खिडकीत फाइलचा तोच थेट पत्ता टाकून बघ. ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं आलं पाहिजे. तोच फोटो फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि गूगलवरचं तुमचं प्रोफाइल इथेही असेल, तर तिथूनही काढ.

एवढी घाई का करायची, तर फोटो काढल्याने झालेला वापर पुसला जात नाही, पण नोटीस मिळाल्यावरही तो तसाच ठेवला तर प्रकरणाचा रंगच बदलतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं आहे. घाबरू नकोस, डिझायनरने लावलेल्या फोटोची तुला कल्पनाच नव्हती, तिथे ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणं सोपं नाही. मात्र मेल वाचल्यानंतर तू अजाण राहिली नाहीस. आणखी एक बघ: मूळ फोटोवर वॉटरमार्क होता आणि आपल्या साइटवर तो कापलेला आहे, असं काही आहे का? तसं असेल तर डिझायनरला लगेच विचार, कारण हक्काची माहिती मुद्दाम काढून टाकणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्यावर हात झटकता येत नाहीत.

मग मेल खरा आहे का ते तपास. फोटोच्या नावाने फसवणारे मेलही फिरतात. काहींत ‘पुरावा इथे बघा’ म्हणून लिंक किंवा झिप फाइल असते आणि ती उघडली की संगणकात व्हायरस शिरतो. काही पैसे मागतच नाहीत, अमुक साइटची लिंक तुमच्या पानावर टाका म्हणतात. त्यांची वकिलांची कंपनीही खोटी आणि वकिलांचे चेहरेही संगणकाने बनवलेले. म्हणून मेलमधल्या लिंकवर न जाता कंपनीचं नाव स्वतः शोध, पाठवणाऱ्याचा मेल पत्ता त्याच डोमेनचा आहे का ते बघ, आणि मूळ फोटो टिनआय आणि गूगल लेन्स या फोटोवरून शोध घेणाऱ्या सेवांवर टाकून तो सर्वात आधी कुठे आणि कुणाच्या नावाने आला ते शोध. तुला आलेला मेल मला खरा वाटतो. त्यात फोटोचा क्रमांक, तुमच्या पानाचा अचूक पत्ता आणि छायाचित्रकाराचं नाव आहे.

पण मेल खरा असला म्हणून मागणी खरी ठरत नाही. मागणारा तो फोटोग्राफर नाही, त्याच्या वतीने वसुली करणारी परदेशी कंपनी आहे. तिला हा अधिकार कुणी दिला, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. आपल्या कायद्यात कॉपीराइटचं हस्तांतरण लेखीच लागतं (कलम १९), परवानाही लेखी लागतो (कलम ३०), आणि मालकासारखा दावा स्वतःच्या नावाने लावायचा तर निदान अनन्य, म्हणजे फक्त त्यांनाच दिलेला, परवाना हवा (कलम ५४). नुसता ‘आम्ही त्यांचं प्रतिनिधित्व करतो’ हा दावा लावण्याइतका अधिकार नव्हे. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. त्यामुळे कागदावरची तारीखही बघायची.

उत्तर दे, गप्प बसू नकोस. उत्तर लहान असू दे. त्यात माफी नको, ‘चुकून वापरला’ अशी कबुली नको, डिझायनरची गाऱ्हाणी नकोत, घरच्या अडचणी नकोत. मी असं लिहीन:

‘आपला अमुक तारखेचा मेल मिळाला. आमचे सर्व हक्क राखून, आणि कोणतीही जबाबदारी मान्य न करता कळवतो की, सदर छायाचित्र आमच्या संकेतस्थळावरून काढण्यात आले आहे. आपल्या मागणीचा विचार करण्यासाठी कृपया पुढील गोष्टी पाठवाव्यात: मूळ छायाचित्राची पूर्ण आकाराची प्रत किंवा निर्मितीचा अन्य पुरावा, छायाचित्रकाराने आपणांस दिलेले अधिकारपत्र, हे छायाचित्र प्रथम कुठे आणि कोणत्या अटींवर प्रसिद्ध झाले, आणि मागितलेली रक्कम कशी काढली, म्हणजे याच छायाचित्राचा परवाना याआधी कोणत्या दराने दिला, याची बिले.’

बस, एवढंच. हे इंग्रजीत करून चौदा दिवसांच्या आत पाठव. शेवटच्या मागणीवर मुद्दाम जोर दे, कारण खरी घासाघीस तिथेच होते. अमेरिकेत वेळेत नोंदवलेल्या कलाकृतीसाठी कायद्यानेच ठरवलेली भरपाई मिळू शकते, एका कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत. नोटिशींमधले भीतीदायक आकडे बऱ्याचदा तिथले असतात. आपल्याकडे असा ठरलेला आकडा नाही. कलम ५५ प्रमाणे मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मिळतो, पण नुकसान किती झालं ते दाखवावं लागतं. आणि स्टॉक फोटोच्या, म्हणजे परवाना विकत मिळणाऱ्या तयार फोटोच्या, बाबतीत सरळ मोजमाप म्हणजे त्या वापराचा परवाना किती रुपयांना मिळाला असता ते. म्हणून त्याच फोटोचा, नाहीतर त्याच प्रकारच्या फोटोचा, वेब वापराचा दर शोध आणि स्क्रीनशॉट ठेव.

परदेशी कंपनीची कोर्टाची धमकी किती खरी? भारत बर्न करारात, म्हणजे एकमेकांच्या देशांतला कॉपीराइट मानायच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे, त्यामुळे परदेशी छायाचित्रकाराचा हक्क इथेही चालतो आणि तो इथे दावा लावू शकतो. हा छायाचित्रकार भारतीय असेल तर तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो (कलम ६२), म्हणजे तुला तारखेला दुसऱ्या गावी जावं लागू शकतं. त्यांनी जर्मनीत किंवा अमेरिकेत निकाल मिळवला तर मात्र तो इथे थेट बजावता येत नाही. हे देश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ च्या यादीत नाहीत, त्यामुळे तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो. इंग्लंड, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यादीत आहेत, तिथला निकाल आला तर जपून. भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची, पण फोटो अजूनही साइटवर आहे, म्हणून त्या वाटेने सुटका नाही. साडेचारशे युरोंसाठी परदेशी कंपनी इथे वकील लावेल का, हा तिच्या हिशेबाचा प्रश्न आहे. त्यावर भिस्त ठेवून मेल डिलीट करणं मला पटत नाही, कारण कोर्टाचं समन्स आलं तर ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते आणि तेव्हा हाताशी काही कागद नसतो. समन्स आलं तर त्याच दिवशी वकील गाठ.

डिझायनरला विचारायचा प्रश्न एकच: फोटो कुठून घेतला? तीन उत्तरं येऊ शकतात. ‘थीमसोबत होता’ म्हणाला, तर लक्षात ठेव की थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार साच्याच्या, नमुना पानावरचे फोटो बऱ्याचदा फक्त दाखवायला असतात, वापरायचा परवाना त्यात नसतो. ‘फुकट फोटोंच्या साइटवरून’ म्हणाला, तर डाउनलोडची तारीख आणि त्या पानाचा पत्ता घे. तिथे फोटो टाकणारा खरा मालक नसेल तर त्याच्या परवान्याने मूळ मालकाचा हक्क जात नाही, पण तुझा हेतू स्वच्छ होता हे त्यावरून दिसतं आणि रक्कम खाली येते. तिसरं उत्तर विकिमीडिया कॉमन्सचं, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्याचं, आणि मला तेच वाटतंय. तिथला फोटो वापरता येतो, पण तो क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यावर असेल तर अट असते: छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि त्याची लिंक, आणि बदल केला असेल तर तसं लिहायचं. तुमच्या पानावर नावच नाही. या परवान्याच्या जुन्या ३.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत अट मोडली की परवाना आपोआप संपतो. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवाना परत मिळतो, मधल्या काळाबद्दल मालक मागणी करू शकतो एवढंच. म्हणून मेल आला ती तारीख लिहून ठेव आणि फोटोच्या पानावर कोणती आवृत्ती लिहिली आहे ते बघ. परवाना मुळात फुकट असेल, तर ‘परवाना शुल्क बुडालं’ हा त्यांचा हिशेब खूप लंगडा पडतो. हे त्यांना सभ्य शब्दांत लिहायचं.

त्यांनी कागद दाखवले आणि फोटो त्यांचाच निघाला, तर टाळाटाळ करू नकोस. बाजारातला दर आणि वर थोडं, असा आकडा स्वतःहून दे. पैसे भरायच्या आधी लेखी तडजोड घे. त्यात हे हवंच: फोटोचा क्रमांक, आजवरच्या साइटवरच्या आणि सोशल मीडियावरच्या सगळ्या वापराबद्दल पूर्ण आणि अंतिम निपटारा, मालकाचं नाव, आणि त्याच्या वतीने पावती द्यायचा कंपनीला अधिकार आहे हे वाक्य, जबाबदारीची कबुली नाही हेही. ‘मालक नंतर वेगळा मागणार नाही’ हे स्पष्ट नसेल तर सही नको. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच. परदेशी पाठवायचे म्हणजे बँकेचे कागद आणि टीडीएस आला, त्याबद्दल तुझ्या सीएला आधी विचार. कागद दाखवलेच नाहीत आणि नुसत्या धमक्या येत राहिल्या, तर कलम ६० आहे: विनाधार धमकी देणाऱ्याविरुद्ध आपण स्वतः कोर्टात जाऊन घोषणा मागू शकतो. त्याची गरज पडेल असं वाटत नाही, पण वकिलाच्या उत्तरात त्या कलमाचा उल्लेख असला की पुढच्या मेलची भाषा बदलते.

साइट तुमच्या नावाची, म्हणून उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. डिझायनरकडून वसूल करायचं की नाही ते बिलावर काय लिहिलंय त्यावर आहे. पुढच्या वेळी कामाच्या कागदावर ‘सर्व छायाचित्रांचे परवाने डिझायनरने द्यावेत, वाद झाल्यास खर्च त्याचा’ ही ओळ घाल. आणि एक चांगली बातमी: घराचे, अंगणाचे, जेवणाच्या ताटांचे जे फोटो तुम्ही पैसे देऊन गावातल्या फोटोग्राफरकडून काढून घेतलेत, ते वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे तुमचेच आहेत. कासचे फोटोही येत्या हंगामात त्याच्याकडूनच काढून घ्या.

उत्तराचा मसुदा झाला की पाठवायच्या आधी मला दाखव. डिझायनरचं उत्तर तोंडी घेऊ नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शुभदा