चोरीच्या लिंकवरचे आपण

प्रिय बंड्या,

आठ महिने ना फोन, ना पत्र. शिव्या राखून ठेव, भेटलो की घाल. गुडघा ठीक, शुगर आहे तिथेच.

१४ सप्टेंबरला ॲपल कप झाला, आपल्या वॉशिंग्टन स्टेटची हस्कीजशी, म्हणजे वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीशी, अमेरिकन फुटबॉलची मॅच. सप्टेंबरात रे! आपल्या कॉलेजगावच्या, पुलमनच्या नोव्हेंबरी थंडीत दात वाजवत बघायची मॅच, ती सिएटलच्या लुमेन फील्डवर, घामाच्या धारांत. जिंकलो, २४-१९. अगदी शेवटी, गोलरेषेला एक यार्ड उरलेलं, चौथा डाउन, म्हणजे त्यांचा शेवटचा प्रयत्न, आणि आपल्या पोरांनी त्यांचा गडी आडवा केला. मी उभा राहून बोंबललो. शेजारी जांभळा स्वेटशर्ट घालून डोकं धरून बसलेली कार्टी माझीच. हो, सईने हस्कीजकडे ॲडमिशन घेतली. घरभेदी!

गाडीत विचारते, "बाबा, एवढं प्रेम होतं तर तुमची बारा कॉलेजांची लीग, पॅक-१२, बुडाली कशी?" मी सुरू झालो. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन कॉलेजं बिग टेन या दुसऱ्या लीगकडे पळाली; तिथली घरं कुठल्या चॅनेलला नको असतात? मग ॲपल कंपनीचा मॅच स्ट्रीमिंगवर दाखवायचा प्रस्ताव आला. त्यात सबस्क्रिप्शन खपतील तसा पैसा वाढणार, म्हणून सगळे बिचकले. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच गेले, सईच्या लाडक्या हस्कीजसकट. शेवटी बारातले उरलो दोन, आपण आणि ओरेगन स्टेट. गव्हाच्या शेतात टीव्ही असून असणार किती!

"मग तुम्ही मॅच कुठे बघायचात?"

बंड्या, मी गप्प. रेंटनचं घर आठवतं? सई पहिलीत होती. चोरीची लिंक, अडकणारा बॉल, टचडाउन व्हायच्या आधी वरच्या मजल्यावरचा आरडाओरडा. मॅचचं चॅनेल घ्यायला तू नाही म्हणालास असं तिला सांगितलं. खोटं. भांडत तू होतास, चिक्कूपणा माझा. आणि तू पुण्याला गेल्यावर तर शनिवारी आपली रात्रीची मॅच टाकून मी दुसऱ्या लीगमधल्या अलाबामाची मॅच बघत बसायचो, रीतसर पैसे भरून. म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्याच्या वहीत मी त्यांचा. दोन रात्री हेच डोक्यात फिरतंय. बायको म्हणते, तुझ्या एका टीव्हीने काय होणार होतं? तिला काय सांगू? पुलमनहून निघालेला प्रत्येकजण असाच बसला असेल तर?

फ्लॅटचा ताबा मिळाला का? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? वहिनींना नमस्कार.

कुगर गोल्डचा डबा पाठवतोय. डब्यातलं असलं तरी ते चीज आहे, फ्रिजमध्ये ठेव. मागच्या वेळी माळ्यावर ठेवलं होतंस.

तुझा,
नंदू