दिवाणातली कुर्डुवाडी

पुणे,
रविवार

प्रिय दिल्या,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येमध्ये हसतोस आणि मुद्दा राहून जातो. शिवाय सुनीता घरात असताना हे मोकळेपणी बोलता येत नाही. तब्येती ठीक. माझी साखर आटोक्यात. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लख्ख दिसतंय. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

मी फोटो पाठवले होते त्यानंतर दिवाणातल्या छोट्या रेल्वेचं काम बरंच पुढे गेलंय. गाद्या-रजया माळ्यावर गेल्या (त्यावरून घरात काय झालं ते समोरासमोर सांगेन), आणि सहा बाय अडीच फुटांच्या त्या खोक्यात आता कुर्डुवाडीची आपली बाजू आहे. फलाट, पाण्याची टाकी, शेड, आणि दोन्ही टोकांना २८२ मिलिमीटर त्रिज्येची वळणं. मोठ्या लाइनीला जागा नव्हती आणि नानांना ती नकोच होती. रूळ ९ मिलिमीटर गेजचे (दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे १:१६० च्या मॉडेलांसाठी मिळतात तेच; पण डबे मी १:८७ मापाने केले, की झालं नॅरो गेज. ही हिशेबाची गंमत मी नानांना मोठ्या हौसेने सांगितली. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर नऊ गुणिले सत्त्याऐंशी केलं. ७८३. "आपलं गेज ७६२. एकवीस मिलिमीटर फाकलेल्या रुळावर गाडी घालतोस? होम सिग्नलच्या आत पडेल." आणि पेपर उघडला. बास. त्यानंतर कित्येक महिने ते त्याच दिवाणावर झोपत होते, पण खाली डोकावून म्हणून बघितलं नाही. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नेलं, तिथे सगळा खेळ टोपी मांडीवर घेऊन बघितला आणि बाहेर पडताना मला विचारलं, "यातल्या गाड्यांना गार्ड कोण?"

मी मात्र करत राहिलो. मुरूम पिठाच्या चाळणीने चाळून रुळांखाली पसरला, त्यावर पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडला. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा लागतो, नाहीतर थेंब वरच गोळा होऊन बसतो, आत झिरपत नाही. वाळकं गवत काथ्याचं. जमिनीला वापरलेली चहापत्ती वाळवून घातली, तिला पावसाळ्यात बुरशी आली. कुर्डुवाडीत इतकं हिरवं आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही. बारा व्होल्टचा कंट्रोलर पासोड्या विठोबाजवळून आणला. पंढरपूरच्या गाडीला वीज विठोबाच्याच दारातून, हे मी दुकानदारालाही सांगितलं. तो हसला नाही.

तर आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात पहाटे चारला सुनीता पाणी प्यायला उठली. हॉलमध्ये दिवा. गादी गुंडाळून खुर्चीवर ठेवलेली, दिवाणाची फळी वर, आणि तिला टेकू कशाचा, तर नानांच्या काठीचा! एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, सतरा-अठरा किलो तरी असेल. त्याखाली मान घालून नाना, एक हात कडेवर, दुसरा कंट्रोलरवर. गाडी फिरतेय. सुनीता ओरडली नाही हे नशीब. तिने मला उठवलं. मी गेलो तर मान वर न करता म्हणतात, "मागे ब्रेकव्हॅन नाही. गाडी सोडलीच कशी?"

दिल्या, हे वाक्य ऐकून हसावं की काय करावं हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार आहे? आपल्या दोघांच्या कानाखाली त्याच ब्रेकव्हॅनपायी, गार्डाच्या त्या शेवटच्या डब्यापायी, बसली होती. (मला दोन, तुला एक. "याने नेलं" असं तू सांगितलंस म्हणून. तू अजूनही नाकबूल करतोस, पण नानांना आठवतंय, परवाच म्हणाले.)

तेव्हापासून हे रोजचं झालंय. चारला ड्यूटी चालू. दिवसा शेजारच्या पोरांना बोलावून ऐकवतात की ही बार्शी लाइट लाइन १८९७ ची, ती बांधणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबाची. इंजिनापासून डब्यापर्यंत प्रत्येक ॲक्सलवर पाच टनांच्या वर भार नाही, म्हणून हलक्या रुळांवरून भरलेली गाडी जायची. आणि त्याच साहेबाने पुढे विमानवाल्यांसाठी पॅराशूट बनवलं. पोरांना पॅराशूट आवडतं. माणूस खुलला आहे, जेवतो नीट, माझ्याशी बोलतो. रिटायर झाल्यापासून माझ्याशी इतके शब्द बोलले नव्हते.

पण ती फळी! काठी निसटली तर मानेवर. सुनीता म्हणते कुलूप घाल. आमचे बंधुराज ठाण्याहून फोनवर तेच म्हणतात, त्यांना म्हणायला काय जातंय. नानांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "स्टेशनला कुलूप लावतात का?" मी रात्री फळीच काढून ठेवावी तर ते झोपणार कुठे? आतल्या खोलीत झोपा म्हटलं, तर तिथे उकडतं. जानेवारीत उकडतं!

मग बोहरी आळीत गेलो, हायड्रॉलिक पलंगाला असतात ते गॅसचे दांडे बघायला. फळी आपोआप वर राहते, काठीचं काम नाही. पण ते वजनावर निवडावे लागतात, आणि सुतार म्हणतो गादीसकट वजन धरा. गादीसकट धरले आणि नानांनी सवयीप्रमाणे आधी गादी काढली, की फळी उसळून त्यांच्या हनुवटीला. नुसत्या फळीचं धरले तर गादीसकट ती उचलायला जोर लागणार, आणि हे कधीतरी गादी तशीच ठेवून प्रयत्न करणारच. मी रोज रात्री पडल्यापडल्या हेच गणित करतो. सुतार म्हणतो, काका, एवढा विचार लोक पलंगाचा करत नाहीत. त्याला काय सांगू?

माझं मत विचारशील तर कुलूप नाही. कमी जोराचे दांडे लावायचे, पुढच्या कडेला धरायला मूठ, फळी पूर्ण उघडली की अडकणारी खिट्टी, आणि चार वाजता मीही उठायचं. सुनीताला यातलं शेवटचं अजून सांगितलेलं नाही. पण नानांना हे सगळं पटवायचं कुणी? माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. तू त्यांच्या लेखी अजून विनातिकीट पकडलेला आहेस, आणि असल्या माणसांशी ते फार प्रेमाने बोलतात.

चिमीच्या व्हिसाचं झालं का? वहिनींचा गुडघा? इंदूरचं घर विकायची घाई करू नकोस, निदान मला विचारल्याशिवाय तरी. पुढच्या महिन्यात लग्नाला येशील तेव्हा हॉटेलबिटेल करू नकोस, इथेच ये. दिवाण मात्र मिळणार नाही, खाली सतरंजी.

तुझा,
अव्या

ता. क. तुझ्या बाबांच्या वर्कशॉपच्या अल्बममध्ये ब्रेकव्हॅनचा फोटो असेल तर कडेची बाजू दिसेल असा पाठव. मी सनबोर्डाची एक केली होती. नानांनी बघितली, दार चुकीच्या जागी आहे म्हणाले, आणि यार्डात उभी करून ठेवलीय. गाडी सध्या बंद आहे.