सातपुड्यातलं कलाकेंद्र सातपुड्यातच हवं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

साहेब, आदिवासी कलांसाठी केंद्र बांधायचं झालं तर ते नंदुरबार शहरात नको. वर डोंगरात धडगावला बांधा, नाहीतर मोलगीला. १९९८ साली धुळ्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, तरी सोंगाड्या पार्टीला, म्हणजे सोंगं घेऊन रात्रभर खेळ करणाऱ्या आमच्या मंडळींना, ढोल आणि सोंगांचं सामान घेऊन शहरात जायला घाट उतरावाच लागतो, आणि रात्री परतायला गाडी नसते.

मी इथे शिक्षक आहे. आमच्याकडे खेळ जेवणं उरकल्यावर उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. लहान पोरं आईच्या मांडीवरच झोपतात, म्हातारी माणसं बसल्या जागेवरून सोंगाला उत्तर देतात. गारठ्यात ढोलाचं कातडं सैल पडतं, ते तापवायला शेजारी जाळ लागतो. खुर्च्या ठोकलेल्या, तीन तासांच्या भाड्याच्या सभागृहात हे कसं व्हावं? आम्हाला छपराचा ओटा आणि पुढे मोकळं अंगण पुरे. पावसाळ्यात तालमीला मोठी खोली, लांबून आलेल्यांना मुक्कामाची सोय, पाणी, संडास. पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य आणि ढोल बनवणाऱ्यांना बसायला पडवी हवी. त्यांच्या हाताखाली पोरं शिकतील.

ध्वनिमुद्रणाची खोली मात्र आधी करा. सरदार सरोवरात मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावं गेली, माणसं वसाहतींत पांगली. रात्रभर कथा गाणारे आता म्हातारे झाले आहेत.

दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप लागतं, माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. ती परततात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, होळीला. महोत्सव जानेवारीत ठेवला तर कलावंत फडात असतील.

आणि एक कळकळीची विनंती. काठी गावच्या राजवाडी होळीत बावा आणि बुध्या ही सोंगं घेणारे नवस फेडत असतात. त्या दिवसांत ते पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात, खाटेवर बसत नाहीत, अनवाणी राहतात. मोरपिसांचा टोप, कमरेचे दुधीभोपळे त्या व्रताचे आहेत. पाहुण्यांच्या स्वागतासाठी ते सोंग एरवी उभं करायला लावू नका. केंद्रात काय सादर व्हावं आणि काय फक्त होळीपुरतं राहावं, हे गावचे पुजारे, कारभारी आणि भिल्ल-पावरा कलावंत ठरवतील, असं शासन निर्णयातच लिहा.

आपला,
धडगाव तालुक्यातील एक शिक्षक