ताप उतरला, पण मैदान अजून नाही

महोदय,

माझा मुलगा अकरावीत आहे आणि कबड्डी खेळतो. पावसाळ्यात त्याला ताप आला. घसा इतका सुजला की आवंढाही गिळवेना. टॉन्सिलवर पांढरा थर, मानेला दोन्ही बाजूंनी सुपारीएवढ्या गाठी. जवळच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिले आणि पाचव्या दिवशी अंगभर तांबडे पुरळ उठले. घरात कोणी म्हणाले गोवर, कोणी म्हणाले औषध बाधले. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिले, रक्त तपासायला पाठवले, तेव्हा कळले की हा ग्रंथीज्वर. डॉक्टरमंडळी याला 'मोनो' म्हणतात.

तो होतो एपस्टाइन-बार विषाणूमुळे. १९६४ मध्ये सापडलेला हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात कधी ना कधी शिरलेला असतो. लहानपणी शिरला तर फारसे कळतही नाही, पण वयात येताना गाठला तर पोर अंथरुणाला खिळते. पसरतो तो लाळेतून. सरावानंतर एकच बाटली दहा तोंडांना लागते, हे मी स्वतः पाहिले आहे. लागण झाल्यावर ताप यायला ४ ते ६ आठवडे जातात, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधत बसण्यात अर्थ नाही. अँटिबायोटिकचा यावर उपयोग नाही, आणि अमॉक्सिसिलिनने या आजारात असे पुरळ पुष्कळदा उठते.

मला खरी भीती वाटली ती प्लीहेची, म्हणजे पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेल्या पानथरीची. या आजारात ती सुजते आणि पोटावर मार बसला तर फुटू शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. ताप उतरताच प्रशिक्षकांचा फोन आला, "आता बरा आहे ना, स्पर्धेला पाठवा." कबड्डीत पकड होते तेव्हा चार जणांचे वजन पोटावर येते. मी नाही म्हटले. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतरही महिनाभर तो जिना चढताना मधल्या पायरीवर बसायचा. त्याला आळशी म्हणणाऱ्यांत, सांगायला वाईट वाटते, सुरुवातीला मीही होते.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की, खेळणाऱ्या मुलाला हा आजार निघाला तर 'किमान ३-४ आठवडे खेळ बंद, पुन्हा तपासल्याशिवाय मैदानात नाही' एवढे कागदावर लिहून द्यावे. आईचे कोणी ऐकत नाही, चिठ्ठीचे ऐकतात.

— एक पालक, सातारा